छोटी गोळी, मोठा माणूस

मित्रांनो, शिकारीचे कॉम्प्युटर गेम्स खेळणाऱ्यांचे सरळ दोन गट पडतात. पहिल्या गटाला दुकानातली सगळ्यात मोठी रायफल हवी असते, मग समोर ससा असो नाहीतर रानरेडा. दुसरा गट आधी समोर प्राणी कोणता आहे ते बघतो आणि मग बंदूक निवडतो. 'द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड' हा २०१७ साली आलेला स्वीडिश गेम उघडपणे दुसऱ्या गटाच्या बाजूने आहे. त्यात प्राण्यांचे नऊ वर्ग केलेत. ससा सगळ्यात खालच्या वर्गात, गवा-बायसन वरच्या टोकाला. प्रत्येक काडतुसाला त्याचे वर्ग ठरवून दिलेले. सशावर मोठी रायफल चालवली तर ससा मरतो, पण मार्क कापले जातात, कारण त्याच्या कातड्याची चाळण झालेली असते. मोठ्या प्राण्यावर छोटी गोळी झाडली तर तो जखमी होऊन पळतो आणि तुम्ही रक्ताचे ठिपके शोधत अर्धा तास जंगलात भटकता. म्हणून सशासाठी .२२ (म्हणजे पॉइंट टू टू) आणि मोठ्यासाठी मोठं, असा साधा हिशोब.

आमच्या हॉस्टेलवर यावरून रात्र-रात्र वाद होतात. हा नियम म्हणजे उगाच डोक्याला ताप, मेला तो मेला, असं एका पार्टीचं म्हणणं. मी दुसऱ्या पार्टीत आहे. आणि माझा वकील म्हणून मी ज्या माणसाला उभा करतो, तो कॉम्प्युटर जन्माला यायच्या कितीतरी आधीचा आहे. त्याचं नाव एडवर्ड जेम्स कॉर्बेट. आपला जिम कॉर्बेट. नरभक्षक वाघांचा शिकारी म्हणून तो सगळ्यांना माहीत असतो, पण त्याचं आयुष्य मला नेहमी एका वेगळ्याच क्रमाने आठवतं. त्याच्या हातात कोणत्या वयात कोणतं हत्यार होतं, त्या क्रमाने!

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील ख्रिस्तोफर कॉर्बेट तिथले पोस्टमास्तर. घरात भावंडांची पलटण. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असं या कुटुंबाचं वर्षाचं वेळापत्रक. १८८१ साली वडील गेले, तेव्हा जिम सहा वर्षांचाही पुरा नव्हता. मोठा भाऊ टॉम पोस्टमास्तर झाला आणि घर त्याच्यावर आणि आईवर आलं. मोठ्या घरातलं लहान पोर, पैसे बेताचे, आणि कुंपणाच्या बाहेर पाऊल टाकलं की जंगल. अशा पोराच्या हातात पहिलं हत्यार कोणतं येणार? गलोल!

ही गलोल टॉमनेच दिली, जिम एका मोठ्या आजारातून उठत होता तेव्हा. पुढे त्याच्या हाती आलं गोळ्या मारायचं धनुष्य. त्याला दोन दोऱ्या असतात आणि मध्ये मातीची वाळवलेली गोळी धरून सोडतात. गुरखा पहारेकरी ते वापरायचे. या दोन हत्यारांनी जिम पक्षी मारायचा. आजच्या नजरेला हे बरं दिसत नाही, पण त्या काळात पक्ष्यांचा अभ्यास असाच व्हायचा. त्याचा एक नातलग, स्टीफन डीज, कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहीत होता आणि त्याला नमुने हवे होते. आता गंमत बघा. नमुना म्हणून पक्षी हवा तर तो धड हवा. पिसं जागेवर, चोच शाबूत. बंदुकीचे ढीगभर छर्रे बसले तर हातात उरतो पिसांचा गोळा, तो पुस्तकाच्या काय कामाचा? गेममध्ये सशासाठी .२२ घ्या म्हणतात, त्यामागे हेच कारण आहे. जिमला हे दहा वर्षांचा व्हायच्या आधीच कळलेलं होतं.

या पक्ष्यांच्या बदल्यात डीजने त्याला पहिली बंदूक दिली. दुनळी, ठासणीची. ऐकायला भारी वाटतं, पण तिची एक नळी फुटलेली होती आणि लाकूड व नळ्या पितळेच्या तारेने बांधून एकत्र धरलेल्या होत्या. आमच्या वर्कशॉपमध्ये असा जॉब दाखवला असता तर सरांनी तो खिडकीबाहेर फेकला असता! पण जिमसाठी ते राज्य होतं. ठासणीच्या बंदुकीत आधी दारू ओतायची, मग बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं. आणि वापरायची नळी एकच. म्हणजे बार एकदाच. चुकला तर पक्षी गेला, दारू गेली, छर्रे गेले, आणि पुन्हा भरेपर्यंत आपण रिकाम्या हाताने जंगलात उभे. दारू आणि छर्रे काही फुकट मिळत नव्हते. म्हणून तो रानकोंबड्यांच्या मागे पोटावर सरपटत जायचा, अगदी जवळ गेल्याशिवाय चापाला हात लावायचा नाही.

अशाच एका दिवशी रानकोंबड्यांवर डोळा ठेवून तो एका झुडपाच्या आडून डोकावत होता. झुडूप हललं आणि पलीकडून वाघ बाहेर आला. वाघाने वळून या पोराकडे पाहिलं आणि सावकाश निघून गेला. पोराच्या हातात पक्ष्यांचे छर्रे भरलेली, तारेने बांधलेली बंदूक. वाघ उगाच माणसाच्या वाटेला जात नाही, हे कॉर्बेटने पुढे आयुष्यभर सांगितलं. त्याची सुरुवात या झुडपापाशी आहे.

नंतर शाळेत कॅडेट म्हणून त्याच्या हातात खरी रायफल आली, .४५० मार्टिनी. बॉम्बगोळ्यासारखं काडतूस आणि खांद्याला गाढवासारखी लाथ. पोराचा नेम बघून सार्जंट-मेजरने ती रायफल त्याला सुट्टीत घरी न्यायला दिली. अट अशी, की रायफल स्वच्छ ठेवायची आणि झाडलेली रिकामी काडतुसं परत करायची. ही रायफल छर्रे उडवत नाही, एकच गोळी टाकते, त्यामुळे पक्ष्यावर चालवायची तर नेम तंतोतंत हवा. कालाढुंगीच्या जंगलात तो तिच्यासह फिरला, आणि शाळकरी वयातच त्याने तिने पहिला बिबट्या मारला.

पुढचा भाग थोडक्यात. सतरा-अठरा वर्षांचा असताना जिम रेल्वेत लागला. आधी बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत इंजिनाच्या सरपणाची देखरेख, मग गंगेकाठी मोकामा घाटावर मालाच्या चढ-उताराचं कंत्राट. तिथे त्याने वीसेक वर्षं हमालांच्या बरोबरीने राहून काढली. म्हणजे जगप्रसिद्ध शिकारी हा माणूस धंद्याने नव्हताच. तो रेल्वेचा कंत्राटदार होता, आणि शिकार सुट्टीतली.

अशाच काळात, १९०७ साली, त्याच्याकडे चंपावतच्या वाघिणीचं काम आलं. या वाघिणीने नेपाळात सुमारे २०० माणसं मारली, तिथून हाकलल्यावर कुमाऊंत आणखी २३६. एकूण ४३६! कॉर्बेटने सरकारला दोन अटी घातल्या. जाहीर केलेलं बक्षीस मागे घ्या, आणि बाकीच्या शिकाऱ्यांना परत बोलवा. बक्षिसासाठी मारणारा म्हणून त्याला ओळखलं जायचं नव्हतं.

शेवटच्या दिवशी तहसीलदाराने गावोगावची माणसं गोळा करून हाका घातला. कॉर्बेटजवळ .५०० ची जड रायफल होती आणि काडतुसं फक्त तीन. तिन्ही झाडून झाली. वाघीण जखमी होऊन समोर खडकावर उभी, आणि हा रिकाम्या हाताने. धावत जाऊन त्याने तहसीलदाराची बंदूक घेतली. ती बंदूक कशी? नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यात जवळजवळ एक सेंटीमीटरची फट! मेकॅनिकलवाल्यांनी जरा कल्पना करावी. दारू पेटल्यावर तयार होणारा वायू गोळीला पुढे ढकलायचा सोडून फटीतून मागे, थेट तोंडावर येणार. पण दुसरा इलाज नव्हता. २० फुटांवर जाऊन त्याने वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला आणि बार काढला. गोळी जबड्याला न लागता पुढच्या उजव्या पंजात बसली, आणि तीही इतकी वरवर की नंतर त्याने ती नखांनी काढली. वाघीण कोसळली ती आधीच्या जखमांनी.

पण या गोष्टीतला खरा धडा त्यानंतरचा आहे. कॉर्बेटने वाघिणीचं तोंड उघडून पाहिलं. उजव्या बाजूचे सुळे तुटलेले. वरचा अर्धा, खालचा मुळापासून. हे बंदुकीच्या जुन्या जखमेने झालेलं. कधीतरी कोणीतरी तिच्यावर गोळी झाडली होती. ती मेली नाही, पण आपलं नेहमीचं सावज मारण्याजोगी राहिली नाही, आणि माणसाकडे वळली. ज्याने तो बार काढला त्याला घरी जाऊन जेवताना कल्पनाही नसेल की आपल्या अर्धवट गोळीचं बिल पुढे ४३६ घरांना भरावं लागणार आहे.

मित्रांनो, माझ्या वादाचं सगळं वजन या एका जबड्यावर आहे. गेममध्ये प्राणी जखमी होऊन पळाला तर आपले मार्क जातात, आपण वैतागतो आणि नवीन डाव मांडतो. जंगलात तो प्राणी तसाच जगत राहतो. कॉर्बेटने पुढे पुन्हा पुन्हा लिहिलं, की वाघ हौसेने नरभक्षक होत नाही. एक तर जखम, नाहीतर म्हातारपण. जखमेला कधी साळिंदराचे काटे कारण असतात, तर कधी निष्काळजीपणे झाडलेली आणि मागे जाऊन न निस्तरलेली गोळी. म्हणूनच जखमी जनावराच्या मागे जाऊन काम पुरं करणं तो शिकाऱ्याचं कर्तव्य समजायचा, आणि ते काम जगातल्या सगळ्यात धोक्याच्या कामांपैकी आहे.

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला एक रायफल भेट दिली. लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५, दस्त्यावर चांदीची पट्टी. हीच ती कॉर्बेटची प्रसिद्ध रायफल. आता .२७५ म्हणजे किती? आपल्या भाषेत ७ मिलीमीटर, करंगळीपेक्षाही बारीक. वाघाच्या शिकारीला त्या काळचे साहेब लोक वापरायचे त्या मानाने ही हलकी, हरणाच्या शिकारीला शोभणारी रायफल. जड कामासाठी त्याने पुढे .४५०/४०० ची दुनळी ठेवली होती.

थोडं गणित करूया, इंजिनिअरिंगच्या मासिकात आहोत म्हणून. आकडे ठोकळ आहेत. .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास आणि वेग सेकंदाला ३३० मीटर, म्हणजे ऊर्जा सुमारे १४० ज्यूल. .२७५ ची गोळी ९ ग्रॅम, वेग ८०० मीटर, ऊर्जा २९०० ज्यूलच्या घरात. .४५०/४०० ची गोळी २६ ग्रॅम, वेग ६४० मीटर, ऊर्जा ५३०० ज्यूल. पहिली पार्टी इथेच टेबलावर हात आपटते की बघा, मोठी ती मोठीच! पण थांबा. वेगाचा वर्ग ऊर्जेत येतो, आणि धक्का येतो संवेगातून. न्यूटनचा तिसरा नियम बारावीनंतरही लागू असतो. ९ ग्रॅम गुणिले ८०० म्हणजे सुमारे ७, आणि २६ ग्रॅम गुणिले ६४० म्हणजे १६ च्या वर. मोठ्या रायफलचा धक्का दुपटीहून जास्त, शिवाय ती स्वतः जड, त्यामुळे वळवायला हळू. कागदावर ५३०० ज्यूल असतील, पण ते जागेवर पोचले नाहीत तर त्यांचा उपयोग शून्य. उलट अर्धवट पोचले तर चंपावत.

याचा पुरावा कॉर्बेटने दोनदा दिला. पहिला रुद्रप्रयागला. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर एका बिबट्याने आठ वर्षांत १२५ माणसं मारली होती. कॉर्बेट आठवडेच्या आठवडे त्याच्या मागे होता. विष, सापळे, मचाण सगळं फुकट. शेवटी मे १९२६ च्या सुरुवातीला, गोलाबराईच्या एका आंब्याच्या झाडावर, काळोख्या रात्री, तो .२७५ ला टॉर्च बांधून बसला. खाली गळ्यात घंटा बांधलेली बकरी. घंटा वाजली, टॉर्च लागला, क्षणभर बिबट्या दिसला, बार निघाला आणि टॉर्च विझला. पुढे नुसता अंधार. सकाळी बिबट्या मेलेला सापडला. एक क्षण, एक गोळी. जागा बरोबर होती.

दुसरा पुरावा चौगडचा, १९३० चा. ६४ माणसं मारणाऱ्या वाघिणीच्या मागावर असताना कॉर्बेटला रातव्या पक्ष्याची दोन अंडी दिसली. नेहमीपेक्षा वेगळी होती, आणि त्याला अंड्यांच्या संग्रहाची लहानपणापासून हौस. त्याने ती डाव्या हातात घेतली. उजव्या हातात .२७५. एका मोठ्या शिळेला वळसा घालून तो पुढे गेला आणि खांद्यावरून मागे पाहिलं तर आठ फुटांवर वाघीण, उडी मारायच्या पवित्र्यात. झटका मारला तर ती झेपावणार. मग त्याने एका हाताने, तसूतसूने, रायफलची नळी अर्ध्याहून जास्त वर्तुळातून फिरवली. दुसरा हात मदतीला नाही, त्यात अंडी! नळी रेषेत आली आणि बार निघाला. वाघीण जागेवर पडली. आपण वाचलो त्याची जी कारणं त्याने नंतर मांडली, त्यात रायफल हलकी होती हे एक होतं. जड दुनळी एका हाताने अशी फिरलीच नसती. आणि अंडी? ती त्याने परत नेऊन घरट्याच्या जागी ठेवली.

म्हणून छोटी गोळी की मोठी, हा प्रश्नच मला अर्धा वाटतो. आपण काय मारतोय, ते किती अंतरावर आहे, ही गोळी नेमकी कुठे बसणार आहे, आणि तशी बसणार नसेल तर बार न काढण्याची आपली तयारी आहे का? ठासणीच्या एका नळीने जिमला हे शिकवलं. पुढे हातात चांगल्या रायफली आल्या तरी त्याची सवय एकाच नळीची राहिली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कॉर्बेट संत नव्हता. नरभक्षक नसलेले वाघही त्याने मारले. पवलगढचा प्रचंड वाघ त्याने १९३० मध्ये मारला, तो कोणाच्याही वाटेला गेलेला नव्हता. साहेबी जमान्यातला तो माणूस होता आणि शिकार ही त्या जमान्याची करमणूक होती. पण तो तिथे थांबला नाही. त्याच्या हातात हळूहळू शेवटचं हत्यार आलं, सिने कॅमेरा. इथे त्याच्यातला इंजिनिअर बघा. कॅमेऱ्याची घरघर वाघाच्या कानाला सहन होत नाही, वाघ निघून जातो. मग त्याने जंगलातल्या ओढ्यावर छोटे छोटे बांध घातले. पाणी त्यावरून पडलं की खळखळ होणार आणि त्यात कॅमेऱ्याचा आवाज बुडणार! काही महिने खपून त्याने तिथे भर दिवसा वाघांचं चित्रीकरण केलं. शेवटचा नरभक्षक, ठाकची वाघीण, त्याने १९३८ मध्ये मारली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी.

१९३६ साली भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान रामगंगेच्या काठी स्थापन झालं, तेव्हा त्याच्या आखणीत कॉर्बेटचा हात होता. त्याला आधी गव्हर्नर हेली यांचं नाव होतं. १९५७ मध्ये कॉर्बेटचं दिलं गेलं. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात झाली तीही तिथूनच. त्याआधी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो जमाना संपवलेला होता. त्यामुळे आज .२२ घेऊन सशामागे जाणं आपल्याला फक्त पडद्यावरच शक्य आहे, आणि ते बरंच आहे.

त्याचं 'मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ' हे पुस्तक १९४४ साली आपल्या मुंबईतून निघालं, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसतर्फे, आणि जगभर गेलं. १९४७ च्या अखेरीस कॉर्बेट बहीण मॅगीबरोबर केनियात न्येरीला राहायला गेला. दोघेही अविवाहित. १९ एप्रिल १९५५ ला तो तिथेच वारला. .२७५ त्याच्या प्रकाशकांकडे गेली, पुढे ज्या रिग्बीने ती घडवली त्यांनीच परत मिळवली, आणि २०१६ मध्ये ती काही दिवसांसाठी पुन्हा कुमाऊंत आली होती. कालाढुंगीचं त्याचं घर आज संग्रहालय आहे.

तर मित्रांनो, सबमिशन आणि ओरलच्या गडबडीतून वेळ मिळाला तर कॉर्बेट वाचा. मराठी अनुवाद बहुतेक ग्रंथालयांत सापडतील. आणि मोठ्या रायफलवाल्या पार्टीला माझा एकच निरोप आहे. चंपावतच्या वाघिणीचे सुळे फोडणाऱ्या माणसाकडेही बंदूक होतीच. तिचा नंबर कुणाला माहीत नाही. तारेने बांधलेली एका नळीची बंदूक मात्र सगळ्यांना माहीत आहे, कारण तिच्या मागे कधी थांबायचं हे कळणारं पोर होतं.